फायटिंगकाकू आणि ठकीचा जबाब

पहिल्या मजल्यावरच्या बाईंना अख्खी इमारत फायटिंगकाकू म्हणायची आणि त्या नावाचा त्यांना कधी राग आला नाही. पहाटे उठून अंघोळ, देवापुढे अर्धा तास, मग स्वयंपाक, आणि नऊ वाजले की जेवणाच्याच टेबलावर फडका मारून कॉम्प्युटर उघडायचा आणि माणसं मारायला बसायचं. ओठांवर अजून देवाचं नाव असायचं आणि बोटांखाली कुणाचा तरी जबडा फुटत असायचा.

काम असं होतं. मारधाडीचे सिनेमे परदेशात जात. तिथल्या दृष्टी नसलेल्या प्रेक्षकांसाठी पडद्यावर काय चाललंय ते एक आवाज कानात सांगत राहतो. तो आवाज जी इंग्रजी वाक्यं बोलतो, ती काकू लिहायच्या. दोन संवादांमध्ये जेमतेम दीड सेकंदाची फट. तेवढ्यात कुणी कुणाला कशाने कुठे हाणलं ते बसलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला ते तिथल्याच माणसाने सहज बोलल्यासारखं वाटलं पाहिजे.

त्यांच्या आधी हे काम एक चांगले शिकलेसवरलेले गृहस्थ करत. संवादांचं इंग्रजीही तेच करत. त्यांनी ‘कानाखाली जाळ काढीन’चं ‘आय विल टेक आउट फायर अंडर युअर इअर’ केलं. ‘तंगड्या तोडून गळ्यात बांधीन’चं काय केलं ते न सांगितलेलंच बरं. परदेशात ऐन मरणाच्या प्रसंगाला लोक पोट धरधरून हसले आणि स्टुडिओवाला कपाळाला हात लावून बसला. काकूंनी बारा वर्षं एका टायरच्या कंपनीत परदेशी पत्रं टाइप केली होती. तिथला म्हातारा साहेब पत्र परत करताना एकच गोष्ट म्हणायचा, की वाक्य बरोबर आहे बाई, पण असं कुणी बोलत नाही. ते ऐकून ऐकून काकूंचा कान तयार झाला होता. स्टुडिओवाल्याने एक रीळ चाचणीला दिलं आणि पुन्हा दुसऱ्या कुणाकडे गेला नाही.

आपल्याकडे माणूस लंगडत लंगडत आत येतो. इंग्रजीत तो नुसता ‘लिम्प्स इन’, लंगडणं त्या क्रियापदाच्या पोटातच. उघड्या हाताची ‘स्लॅप’, मुठीचा ‘पंच’, नुसतं लोटलं तर ‘पुश’, राग धरून ढकललं तर ‘शव्ह’. शिवाय पोटावर मारलं असं म्हणायचं नाही, ‘हिट्स हिम इन द स्टमक’ म्हणायचं. काकू काकांना सांगायच्या, हे लोक आधी माणसाला मारतात, मग अवयव शोधतात.

पडद्यावर पाहून कळलं नाही तर काकू करून बघायच्या. भिंतीशी गादीची वळकटी उभी करायची, काकांना हाक मारायची. काका बस आगारातून निवृत्त झालेले, स्वभावाने इतके गरीब की झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचे. पण सात वर्षं ते रोज खलनायक होत होते. त्यांनी काकूंचा दंड धरायचा, काकूंनी डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं, की हे ‘ग्रॅब्ज’ नाही, ‘सीझेस’ तर अजिबात नाही, वर्तमानपत्री वाटतं, हे ‘क्लचेस’ असेल का हो? मग काका विचारायचे, “अजून किती वेळ धरू? दूध उतू जातंय.” खालच्या मजल्यावरची बाई पहिल्यांदा धावत वर आली होती, काठी घेऊन. तेव्हापासूनच हे नाव पडलं.

लेक त्यांना एकच. तिला सगळे ठकी म्हणायचे, लाकडी बाहुलीसारखे गोल डोळे म्हणून. ठकीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. जावईबापू मोठ्या कंपनीत, बोलायला मिठास, इंग्रजी तर असं की काकूसुद्धा कान देऊन ऐकायच्या. ठकी त्या बुधवारी आली ती चार दिवसांसाठी. रविवारी जावईबापू न्यायला येणार होते. ठकी बोलत नव्हती, जेवत नव्हती, उकाड्यातही लांब बाह्यांचं घालत होती. मनगटाजवळ काळंनिळं दिसलं तेव्हा काकूंनी विचारलं. ती म्हणाली लागलं. काकू म्हणाल्या जपावं गं, आणि वळल्या. शनिवारी काम द्यायचं होतं आणि शेवटच्या रिळातली बारा मिनिटांची हाणामारी तशीच पडून होती.

शुक्रवारी दुपारी काकांची कंबर धरली. रिळात खलनायक नायिकेला मागून केसांना धरतो आणि भिंतीवर आपटतो, आणि काकूंना काही केल्या ते वाक्य दीड सेकंदात बसेना. केस धरून ओढत नेणं एक, केसांना हिसका देणं दुसरं. त्यांनी ठकीला हाक मारली. म्हणाल्या, दोन मिनिटं उभी राहा गं इथे, गादीकडे तोंड करून. ठकी उभी राहिली. काकूंनी मागून येऊन हात वर केला, नुसता वर केला, केसाला बोटसुद्धा लागलं नव्हतं.

ठकी तिथे नव्हतीच. ती फ्रीज आणि भिंतीच्या सांदीत होती. कधी गेली ते काकूंना दिसलंसुद्धा नाही. खाली बसलेली, गुडघे छातीशी, एक हात डोक्यावर, दुसरा डाव्या बरगडीवर. ओठ घट्ट मिटलेले, आवाज बाहेर पडू नये म्हणून. मग त्या मिटलेल्या ओठांतून तिने अगदी हळू म्हटलं, “तोंडावर नको. उद्या ऑफिस आहे.”

काकूंनी आयुष्यात हजारो माणसं मार खाताना पाहिली होती. नटी पडते तेव्हा हात पसरून पडते, केस मोकळे सुटतात, तोंड कॅमेऱ्याकडे असतं. अशी सांदी शोधून कुणी पडत नाही. अशी सांदी ज्याला आधीपासून माहीत असते तोच शोधतो.

त्या खाली बसल्या. ठकीची बाही त्यांनी कोपरापर्यंत वर सारली, मग खांद्यापर्यंत. सिनेमातले मेकअपवाले जे वळ काढतात ते सगळे एका रंगाचे असतात. इथे एक जांभळा होता, एक हिरवट, एक पिवळा पडत आलेला, आणि दंडावर चार बोटं आणि एक अंगठा असा अख्खा पंजा उमटला होता. बरगडीला हात लावू दिला नाही. काकूंच्या तोंडातून देवाचं नावही फुटेना. रोज सकाळी त्या ज्याच्यापुढे बसून लेकीचा संसार सुखाचा ठेव म्हणायच्या, त्याला काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही. पडद्यावरच्या प्रत्येक गुंडाला त्यांनी विचारलं होतं, कुठल्या हाताने, उघड्या की मुठीने. पोटच्या पोरीला मात्र लागलं म्हटल्यावर पुढचं एक अक्षर विचारलं नव्हतं.

काका दारात उभे होते, कंबरेला हात लावून. ते आत आले, वळकटी उचलली, बाल्कनीत नेऊन टाकली आणि तिथेच कठड्याला धरून उभे राहिले.

ठकीने त्या दिवशी एवढंच सांगितलं, की रविवारी मी जाते, नाहीतर तो इथे येऊन तुमचे हाल करेल. तो बोलतो तसं करतो. काकू म्हणाल्या, तू जाणार नाहीस. ठकी म्हणाली, तुला माहीत नाही आई. आणि खरंच, एवढं लिहून लिहून काकूंना काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

रविवारी अकराला तो आला, हातात फळांची पिशवी. वाकून नमस्कार केला. ठकीला म्हणाला, चल, गाडी खाली आहे. काकांनी दार अडवलं नाही, नुसते मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, की ती आत्ता येणार नाही, नंतर बघू. तो हसला. म्हणाला, “बाबा, हा आमच्या दोघांचा विषय आहे.” मग पिशवी नीट बाजूला ठेवली, फळं गडगडू नयेत म्हणून भिंतीला टेकवून, आणि सरळ चालत आत जाऊन ठकीची वेणी हाताला गुंडाळली.

पडद्यावर फटक्याचा आवाज येतो. इथे आवाज आला तो ठकीचं कपाळ कपाटावर आपटल्याचा, आणि तो भांडं ओट्यावर ठेवल्याइतकाच होता. काका धावले. सात वर्षं रोज खलनायक झालेल्या त्यांनी आयुष्यातला पहिला खरा ठोसा मारला. तो जावयाला चाटून चौकटीवर बसला आणि त्यांचंच बोट मोडलं. त्याने काकांना एका हाताने बाजूला सारलं, जसं पडदा सारतात. काकू त्याच्या पाठीवर पडल्या, शर्ट धरला, ओरबाडलं. त्याने मागे न बघता कोपर मारलं. काकूंच्या तोंडात काहीतरी गरम आलं आणि त्याच्याबरोबर दोन दात आले. त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांना दिसलं, की तो ठकीच्या बरगडीवर लाथ मारतोय, डाव्याच बरगडीवर, जिथे आधीचं होतं तिथेच, नेम धरून. लाथ मारताना तो बोलतसुद्धा नव्हता. त्याला घाई नव्हती. एखादा माणूस रोजचं काम करतो तसं तो करत होता.

काकांनी त्याच्या पायाला मिठी मारली. त्याने काकांच्या पाठीत दोन गुद्दे घातले, वेणीला पुन्हा हिसका दिला आणि ठकीला तसंच फरशीवरून बाहेरच्या दाराशी ओढत नेलं. उंबरठ्याबाहेर गेल्यावर त्याने वेणी सोडली आणि वाकून तिच्या खांद्याला धरताना तोल सावरायला दुसरा हात चौकटीवर टेकला. तेवढ्यात ठकी आत सरकली. तिने दोन्ही पाय दाराला लावले आणि सगळ्या अंगाने दार लोटलं. त्याची चार बोटं दार आणि चौकटीच्या मध्ये होती. दार लागलं नाही. तिने पाय मागे घेतले आणि पुन्हा लोटलं. मग परत एकदा. तिसऱ्यांदा जो आवाज आला तो काकूंना कुठल्याच सिनेमात ऐकू आला नव्हता.

तो ओरडला तेव्हा सगळी इमारत बाहेर आली. खालची बाई ह्या वेळी काठीशिवायच आली, कारण तिला वाटलं काकूंचं काम चाललंय. जिन्यात रक्त पाहून ती बाजूला सरकली. तो हात रुमालात गुंडाळून पायऱ्या उतरला. जाताना आपल्या त्या सुंदर आवाजात सांगून गेला, की मारलंय तुम्ही, आता बघाच.

आणि त्याने केलं तसंच. ही तिघं दवाखान्यातून टाके घालून पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत त्याची तक्रार येऊन पडली होती, इंग्रजीत टाइप करवून, सहीसकट. शहर परप्रांतातलं, म्हणून ठाण्याचं सगळं कागदी काम इंग्रजीतच चालायचं. तिथले साहेब थकलेले, डोळ्यांखाली काळं, आणि माणूस वाईट नव्हता. त्यांनी तक्रार काकूंपुढे सरकवली आणि म्हणाले, तुमचा जबाब ह्याच्या समोर उभा राहिला पाहिजे. नाहीतर हिच्यावर गुन्हा, आणि तो म्हणतो तसं समजुतीने प्रकरण मिटवून हिला सासरी पाठवायचं. तो तयार आहे. माफ करतो म्हणाला.

काकूंनी सुजल्या तोंडाने ती तक्रार वाचली. पत्नी अलीकडे अस्वस्थ असते. आज तिला घरी न्यायला गेलो असता तिचा तोल गेला, सासरेबुवांनी हात उचलला, मी सगळ्यांना आवरायचा प्रयत्न करताना सासूबाईंना चुकून लागलं असावं. त्यानंतर पत्नीने जाणूनबुजून दारात माझा हात चिरडला. काकूंनी दुसऱ्यांदा वाचलं. इतकं सहज इंग्रजी, इतकी हलकी क्रियापदं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. टायरच्या कंपनीतला म्हातारा साहेब असता तर एका फटक्यात सही करून पाठवलं असतं. दीड पानात एक वाक्य असं नव्हतं की जे कुणी बोलणार नाही, आणि शेवटची ओळ सोडली तर एक वाक्य असं नव्हतं की जे खरं होतं. काकूंनी जन्मभर सहज वाटेल ते खरं मानलं होतं.

त्यांनी पेन मागितलं आणि लिहायला घेतलं. इतक्या वर्षांत साठवलेलं सगळं बाहेर काढलं. ‘यँक्ड’, ‘स्लॅम्ड’, ‘ड्रॅग्ड’, ‘स्टॉम्प्ड’, प्रत्येक फटका वेगळा, प्रत्येक जागच्या जागी. पानभर झाल्यावर साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि मान हलवली. ते म्हणाले, “बाई, हा सिनेमा वाटतो. कोर्टात त्याचा वकील हे वाचून दाखवील आणि लोक हसतील. आणि हे तुमचं आहे. मार तिने खाल्लाय ना? ती काही बोलणार आहे का?”

ठकी बाकावर बसली होती. कपाळाला सहा टाके, डाव्या बाजूला हात दाबलेला. दवाखान्यातही ती बोलली नव्हती. काकू तिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, तू नुसती हो म्हण, मी लिहिते, मी नीट करून लिहिते.

“तू नीट करू नकोस,” ठकी म्हणाली. “मी सांगते तेवढं लिही.”

ती उठून टेबलाशी आली आणि उभ्यानेच इंग्रजीत सांगायला लागली. तिचं इंग्रजी ऑफिसपुरतं होतं. ती म्हणाली, लग्नाच्या आठव्या दिवशी त्याने मला मारलं, टॉवेल ओला होता म्हणून. मग पावसाळ्यात मारलं. मग फोन उशिरा उचलला म्हणून मारलं. एकदा मी झोपेत असताना मारलं, त्याचं कारण मला माहीत नाही. ती प्रत्येक वेळी ‘हिट’च म्हणत होती. ही हिट मी. देन ही हिट मी. काकूंचा हात लिहिता लिहिता अडायचा, कारण टॉवेलच्या वेळी ती थप्पड असणार आणि पावसाळ्यातली नक्की लाथ, आणि पट्ट्याने मारलं असेल तर त्याला वेगळा शब्द आहे. एकदा त्यांनी न राहवून विचारलंच, उघडा हात की मूठ. ठकी म्हणाली, आठवत नाही आई, मी डोळे मिटलेले असतात. काकूंनी खाली बघून लिहिलं, ही हिट मी.

बरगडीचं सांगायला वेळ लागला. पहिल्यांदा तिथे लागलं तेव्हाचे दवाखान्याचे कागद माझ्या ऑफिसच्या खणात आहेत म्हणाली. डॉक्टरला जिन्यावरून पडले असं सांगितलं होतं, आणि तो शेजारी माझा हात धरून बसला होता. साहेबांनी खणाचं ऐकल्यावर हवालदाराला तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगितलं. काका बँडेजचं बोट मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत होते. मोजलं नाही कुणी, पण काकूंची साडेतीन पानं त्या एका शब्दाने भरली. असं पान त्यांनी स्टुडिओत नेलं असतं तर स्टुडिओवाल्याने तोंडावर फेकलं असतं.

मग आजचं आलं. वेणी, कपाट, लाथा, फरशी, सगळं सांगून झालं. शेवटी दार. काकूंनी ठकीने काही म्हणायच्या आधीच लिहिलं, की झटापटीत दार बंद झालं आणि त्याचा हात मध्ये सापडला. सहज वाक्य होतं. साहेबांनीही टेबलापलीकडून ते उलटं वाचलं. ते पाण्याचा ग्लास उचलून खिडकीकडे बघू लागले.

ठकीने आईच्या खांद्यावरून वाचलं.

“हे खोड,” ती म्हणाली. “दार मी लावलं. तीनदा लावलं. त्याची बोटं आत आहेत हे मला दिसत होतं.”

काकूंनी तिच्याकडे बघितलं. हळूच म्हणाल्या, बाळा, हे लिहिलं तर तुझ्यावर येईल.

“येऊ दे. त्याच्यासारखं लिहायचं नाही मला.”

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, असं लिहिलंत तर मला दोन्ही गुन्हे नोंदवावे लागतील, त्याच्यावर आणि तुमच्यावर, आणि तारखा तुम्हालाही पडतील. ठकी म्हणाली चालेल. सासरी जायचं म्हणाल तर ते चालणार नाही. साहेबांनी जावयाची तक्रार उचलली, काकूंच्या साडेतीन पानांवर ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, ती काढून खाली सरकवली आणि म्हणाले, आता समजुतीचा प्रश्न उरत नाही. मंगळवारी दहाला या. ते खणातले कागद घेऊन या.

काकूंनी ते वाक्य खोडलं आणि ठकीने सांगितलं तसं लिहिलं. तीनदा लिहिलं, एकाखाली एक. मग पेन लेकीकडे दिलं. ठकीला डाव्या हाताने बरगडी सोडवेना, म्हणून कागद सरकू नये यासाठी काकूंनी तो दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरला, आणि ठकीने सही केली.